सुरी-कोयत्याच्या लाकडी मुठीचा रंग बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, शेतातले कोयते आणि हौसेने बनवलेले चाकू यांच्या मुठींबद्दलचे आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे ठेवला आहे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून मध्येमध्ये प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला मुठीचा रंग बदलायचा आहे. ब्लीच वापरू की रंग?

आधी हे ठरवा, की आत्ता दिसतोय तो रंग कशाचा आहे. मुठीवर रंगाचे चार थर असू शकतात: वरचं पॉलिश, त्याखालचा हाताचा मळ आणि तेल, लाकडात उतरलेला डाग, आणि मग लाकडाचा मूळ रंग. ब्लीच लागतं ते शेवटच्या दोनांसाठी, आणि त्या दोघांचं ब्लीचही वेगवेगळं आहे (प्रश्न ४). "मूठ काळी पडलीय, ब्लीच सांगा" असं विचारणाऱ्यांच्या मुठी बहुतेक वेळा नुसत्या मळलेल्या असतात. स्पिरिटमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं दोन मिनिटं घासून पाहा. फडकं तपकिरी झालं आणि खाली लाकूड उजळलं, तर काम तिथेच संपलं.

मूठ आहे त्यापेक्षा गडद करायची असेल तर ब्लीचची गरज नाही. थेट प्रश्न ८ वर जा. फिकट लाकूड गडद करणं सोपं, गडद लाकूड फिकट करणं कठीण, आणि गडद लाकडाला पिवळा किंवा निळा असा फिकट रंग देणं सर्वांत कठीण. रंग पारदर्शक असतो, त्यामुळे खालचं लाकूड त्यातून दिसतच राहतं. शिसवीवर निळा रंग लावला तर निळी मूठ मिळत नाही, आणखी काळी मूठ मिळते.

२. माझी मूठ खऱ्या लाकडाची आहे की नाही, कसं ओळखू?

मुठीच्या टोकाकडे, म्हणजे आडव्या कापाकडे बघा. खऱ्या लाकडात तिथे बारीक छिद्रं आणि वर्षवलयांच्या कमानी दिसतात. एकावर एक ठेवलेल्या कागदासारख्या सरळ, समान जाडीच्या रेघा दिसल्या तर ते पक्कावूड. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे आधीच रंगवून फिनॉलिक रेझिनमध्ये दाबलेले असतात. त्या रेझिनमध्ये ब्लीच शिरत नाही आणि रंगही शिरत नाही. अशा मुठीचा रंग बदलायचा म्हणजे ती मूठच बदलायची, दुसरा उपाय नाही.

आणखी एक चाचणी: पॉलिश काढलेल्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटाभरात तो पसरून लाकूड गडद झालं तर लाकूड शोषून घेतंय. थेंब मण्यासारखा तसाच राहिला तर रेझिन, तेल किंवा उरलेलं पॉलिश आड येतंय.

३. जुनं पॉलिश काढायलाच हवं का? आणि कशाने?

हवंच. पॉलिशवर लावलेला रंग नखाने निघतो. कुठलं पॉलिश आहे ते एका कोपऱ्यात तपासा. स्पिरिटने चिकट झालं तर लाख. स्पिरिटला दाद देत नाही पण थिनरने विरघळतं, तर लॅकर. दोन्हीला जुमानत नसेल तर बहुधा पीयू (पॉलियुरेथेन), आणि ते खरवडूनच काढावं लागतं.

घासताना १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, मग १८०, मग २२०. नेहमी रेषांच्या दिशेने, कारण आडवे ओरखडे रंग लावल्यावर काळ्या रेघा होऊन वर येतात. २२० नंतर ओल्या फडक्याने मूठ पुसून वाळू द्या. लाकडाचे तंतू उभे राहतात आणि हाताला खरखर लागते. ती ३२० ने हलकेच उतरवा. ही पायरी गाळली तर पाण्यातला रंग लावल्यावर पुन्हा खरखर येते, आणि तेव्हा घासलं की रंग जातो.

तारेचा घास (स्टील वूल) घासायला कुठेच वापरू नका. त्याचे कण लाकडात अडकतात, ओले झाले की गंजतात आणि मुठीवर काळ्या तिळासारखे डाग उमटतात. भांडी घासायची हिरवी स्क्रब चालते.

मुठीला आकार द्यायचा असेल तर तोही याच टप्प्यावर द्या. ब्लीच आणि रंग दोन्ही वरवर राहतात, मिलिमीटरभरसुद्धा आत जात नाहीत. नंतर कानस फिरवली तर जुना रंग उघडा पडतो.

४. कपड्यांचं ब्लीच घरात आहे. तेच लावलं तर?

लाकडाच्या कामात तीन ब्लीच आहेत आणि तिघांची कामं निरनिराळी आहेत. सगळी गडबड इथेच होते.

कपड्यांचं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते दिलेला रंग आणि बुरशीचे डाग काढतं. लाकडाच्या मूळ रंगावर त्याचा परिणाम जवळजवळ नाही. म्हणून आधी कोणीतरी लाल-तपकिरी रंगवलेली मूठ परत मूळ रंगावर आणायची असेल तरच ते कामाचं. बाटली ताजी हवी. उन्हात किंवा उकाड्यात महिनोन्‌महिने पडलेल्या बाटलीतला दम गेलेला असतो.

ऑक्झॅलिक ॲसिड लोखंडाचे निळे-काळे डाग काढतं आणि उन्हापावसाने राखाडी झालेलं लाकूड उजळवतं. मूळ रंग मात्र जागेवर राहतो. मुठींसाठी दहातल्या आठ वेळा हेच लागतं. पद्धत प्रश्न ५ मध्ये.

तिसरं जोडब्लीच: कॉस्टिक सोडा आणि तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. लाकडाचा स्वतःचा रंग काढणारं एवढं एकच. त्याबद्दल प्रश्न ६.

पाण्याच्या टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर हायपोक्लोराइटच्याच जातीची आहे, पण तिच्यात चुना असतो. तो लाकडाच्या छिद्रांत पांढरा बसतो आणि गडद मुठीवर पिठासारखा दिसतो. वापरू नका.

५. रिव्हेटभोवती (मूठ पात्याला जोडणाऱ्या खिळ्यांभोवती) आणि पात्याजवळ मूठ काळीनिळी झाली आहे. डाग कसा काढायचा?

हा गंज नाही, शाई आहे. लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि ओल्या लोखंडातून सुटलेलं लोह एकत्र आले की काळं संयुग तयार होतं. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर करत. बाभूळ, खैर अशा टॅनिनवाल्या लाकडात हा डाग हमखास येतो.

साधन: ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे. केमिकलच्या दुकानात मिळतात, फरशी पॉलिश करणारेही हेच वापरतात. एका मुठीला १०० मिली कोमट पाण्यात ८ ते १० ग्रॅम पुरे. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्या. हातमोजे आणि चष्मा घाला, कारण हे विषारी आहे. भांडं आणि चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

आधी पातं झाका (प्रश्न ७). मग नायलॉनच्या ब्रशने *संपूर्ण* मुठीला लावा. नुसत्या डागावर लावलं तर डाग जातो आणि त्याच्या जागी फिकट गोल चकता उरतो. पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवा, वाळतंय असं दिसलं की पुन्हा हात फिरवा. डाग बघता बघता काळ्याचा राखाडी आणि राखाडीचा नाहीसा होतो. नाहीच गेला तर मूठ वाळवून दुसरा हात द्या. तीन हातांनंतरही जो डाग तसूभर हलत नाही, तो लोखंडाचा नसून जळल्याचा किंवा तेलाचा समजा.

यानंतर भरपूर पाण्याने धुवा. अर्धा पेला पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून त्याने पुसा, फेस येणं थांबलं की पुन्हा साध्या पाण्याने धुवा. वाळल्यावर मुठीवर पांढरी भुकटी दिसली तर ती ॲसिडची आहे. *ती पॉलिश पेपरने घासू नका*, उडून नाकातोंडात गेली की घसा जळतो. पुन्हा धुवा.

डाग लोखंडाचा की बुरशीचा अशी शंका असेल तर कपड्यांच्या ब्लीचचा थेंब काडीने डागावर टेकवा. बुरशी पाच मिनिटांत फिकी पडते, लोखंडाचा डाग ढिम्म राहतो. ऑक्झॅलिक वापरण्याआधी तो थेंब नीट धुऊन टाका. कारण प्रश्न ७ च्या शेवटी आहे.

ऑक्झॅलिक मिळालं नाही तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, याच प्रमाणात वापरून बघा. जोर कमी आहे, पण कोवळा डाग निघतो.

६. शिसवीची काळपट मूठ पांढरट करता येईल का?

जोडब्लीचने थोडी उजळते, पण पांढरी होत नाही. शिसवी आणि आबनूस ही ब्लीचला न जुमानणारी लाकडं. ती बहुधा हिरवट किंवा मातकट चट्ट्यांवर येऊन थांबतात. आंबा, साग ही लाकडं जास्त चांगली उजळतात. मनापासून सल्ला: फिकट मूठ हवी असेल तर फिकट लाकडाची मूठ बसवा. लाकडाचा तुकडा या रसायनांपेक्षा स्वस्त पडतो.

तरीही करायचंच असेल तर पातं मुठीतून काढून करा, हे अटीसारखं घ्या. पेरॉक्साइडला लोखंड लागलं की ते जोरात फसफसतं, तापतं आणि लाकडाऐवजी हवेतच संपतं. मागे उरतात गंजाचे डाग. लाकडांसाठी तयार मिळणारी जोडबाटली घ्या आणि तिच्यावरचं प्रमाण पाळा. कॉस्टिक आणि ३५ टक्के पेरॉक्साइड सुटं आणून घरी अंदाजाने जमवू नका. ते पेरॉक्साइड कातडीला लागताक्षणी पांढरा चट्टा पाडतं, कॉस्टिकने डोळा जाऊ शकतो. ब्रश सिंथेटिक हवा, कारण कॉस्टिकमध्ये केसांचा ब्रश विरघळतो. रात्रभर वाळू द्या, मग एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दोन भाग पाण्याने पुसून अल्कली मारा, आणि धुवा.

औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड ६ टक्क्यांच्या आसपास असतं. फिकट लाकडावर चार-पाच हात दिले तर किंचित फरक दिसतो, गडद लाकडावर काहीच नाही.

७. हे सगळं करताना पातं आणि रिव्हेट कसे वाचवू? आणि कशात काय मिसळू नये?

पात्याला व्हॅसलीनचा पातळ हात द्या, वर मास्किंग टेप गुंडाळा. पातं मुठीत शिरतं तिथली फट सर्वांत धोक्याची. तिच्यात मेण बोटाने दाबून भरा आणि बाहेर आलेलं मेण टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तेवढ्या जागी लाकूड रंग धरणार नाही. चाकू उभा धरायचा झाला तर मूठ खाली, पातं वर. म्हणजे द्रव फटीकडे ओघळत नाही. पुसायचं ते ब्रशने किंवा पिळलेल्या फडक्याने. मूठ वाटीत बुडवून ठेवायची नाही.

साधं पोलाद तर गंजतंच, पण "माझं स्टेनलेस आहे" या भरवशावरही राहू नका. क्लोरीनच्या ब्लीचने स्टेनलेसला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते घासून जात नाहीत. मुठीच्या आत लपलेल्या भागाला ते पडले तर चाकू वरून झकास दिसतो आणि आतून सुटत जातो. पितळी रिव्हेट ऑक्झॅलिकने उलट चकचकीत होतात, त्यांची काळजी नको. ॲल्युमिनियमची शेंबी (मुठीच्या तोंडाशी बसवलेलं कडं) असेल तर कॉस्टिक तिला खाऊन टाकतं.

आणि हे पाठच करा: कपड्यांच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, ऑक्झॅलिक किंवा कुठलंही ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाबरोबरही विषारी वायू होतो. एक झाल्यावर दुसरं वापरायचं असेल तर मध्ये भरपूर पाण्याने धुवा आणि एक दिवस जाऊ द्या.

८. मूठ काळीभोर करायची आहे. बाजारचा रंग न आणता होईल का?

होईल, आणि आमच्या मते बाजारच्या रंगापेक्षा चांगली होईल. प्रश्न ५ मध्ये जो डाग काढला, तोच इथे मुद्दाम, सगळीकडे सारखा पाडायचा. हा रंग लाकडातच तयार होतो, त्यामुळे हाताला लागत नाही आणि उन्हाने सहजी उडत नाही.

दोन पाणी लागतात. पहिलं हिरड्याचं. हिरडा टॅनिनने ठासून भरलेला असतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून तो गोळा होऊन येतो आणि काष्ठौषधीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. २० ग्रॅम हिरडा भरड कुटून २०० मिली उकळत्या पाण्यात टाका, अर्ध्या तासाने गाळा. भांडं लोखंडाचं नको, नाहीतर पाणी तिथेच काळं होईल.

दुसरं लोखंडाचं. ५ ग्रॅम बारीक तारेचा लोखंडी घास साबणाने धुऊन त्यावरचं तेल काढा आणि २०० मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. बरणीचं झाकण सैल ठेवा, आत हायड्रोजन तयार होतो. तीन ते सात दिवसांत घास विरघळून पाणी राखाडी-तपकिरी होतं. कापडातून गाळा. इथे एक चूक फार जण करतात: भांडी घासायची चकचकीत स्टीलची घासणी टाकतात. ती स्टेनलेस असते, महिनाभर ठेवली तरी विरघळत नाही. घास मिळाला नाही तर गंजलेले खिळे टाका, दिवस जरा जास्त लागतात. कलमकारीचे रंगारी हेच काम जुनं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून करतात. त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

मुठीला हिरड्याचं पाणी लावा, वाळू द्या, पुन्हा लावा, वाळू द्या. मग लोखंडाचं पाणी लावा. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही होत नाही असं वाटतं. मग रेषांच्या कडेने जांभळट छटा चढू लागते, आणि पाच मिनिटांत मूठ ओल्या पाटीसारखी काळी होते. वाळल्यावर ती राखाडी दिसेल. घाबरू नका, तेलाचा हात बसला की काळेपणा परत येतो. छटा निळसर वाटली तर पुन्हा हिरडा, पुन्हा लोखंड. शेवटी सोड्याच्या पाण्याने पुसून आम्ल मारा, नाहीतर मुठीतलं पोलाद आतून गंजत राहील.

बाभूळ आणि खैर यांना हिरडा लावला नाही तरी चालतो, आंब्याला मात्र लावावाच लागतो. पातं झाकायला विसरू नका. लोखंडाच्या पाण्याचा ओघळ पोलादावर कायमचा राखाडी पट्टा सोडतो.

९. हळद, चहा, कॉफी, कात यांनी रंगवता येतं का?

हळदीचा रंग पहिल्या दिवशी सुंदर दिसतो आणि उन्हात ठेवला की थोड्याच दिवसांत उडतो. शिवाय साबणाच्या वडीचं पाणी लागलं की पिवळी मूठ लाल होते. हळद-चुन्याचं कुंकू होतं त्याच कारणाने. चाकूला साबण लागणारच, तेव्हा हळद नको.

चहा आणि कॉफीने फिकट लाकडावर जेमतेम बदामी छटा येते. चहाचा खरा उपयोग हिरडा नसेल तेव्हा: त्यातलं टॅनिन प्रश्न ८ मधल्या पहिल्या पाण्याचं काम करतं, थोडं कमी ताकदीने.

कात मात्र कसलेला गडी. पाच ग्रॅम साधा कात १०० मिली गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन हात द्या, वाळल्यावर चुन्याची निवळी फिरवा. पान खाल्ल्यावर तोंडात जे होतं तेच लाकडावर होतं: तांबूस तपकिरी रंग. पानवाल्याकडचा मसालेदार, सुगंधी कात घेऊ नका, त्यातलं तेल आणि साखर मुठीवर चिकट राहते.

१०. बाजारचा रंग घ्यायचा तर पाण्यातला की स्पिरिटमधला?

पाण्यातला हळू वाळतो, त्यामुळे सारखा पसरायला वेळ मिळतो, पण तंतू उभे करतो. स्पिरिटमधला दोन मिनिटांत वाळतो, तंतू उभे करत नाही, पण हात थांबला तिथे जोडाची रेघ दिसते. मूठ लहान असल्याने स्पिरिटचा रंगही जमतो. पहिलीच मूठ असेल तर पाण्यातलाच घ्या. लेदरसाठीचा स्पिरिटमधला रंग लाकडावर चांगला बसतो. रंगाच्या डब्यातला ऑइल पेंट किंवा दाट पिगमेंटचा (न विरघळणाऱ्या रंगकणांचा) स्टेन मात्र रेषा झाकून टाकतो आणि पकडीने झिजतो.

पावडर घेतली तर ३० मिलीला १ ग्रॅम. एका मुठीला एवढं पुरून उरतं. आधी निम्म्या ताकदीचा हात द्या आणि गडद करत जा. त्याच लाकडाच्या तुकड्यावर रंग आणि वरचं तेल दोन्ही लावून बघितल्याशिवाय मुठीला हात लावू नका. नुसता वाळलेला रंग नेहमी फसवा असतो, खरा रंग ओला असताना दिसतो तो.

११. रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसला आणि मुठीचं टोक काळं पडलं. का?

टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, त्या रंग ओढून घेतात. टोकाला एक नंबर जास्त बारीक पेपर मारा (बाकी २२० तर टोक ३२०), आणि रंग लावायच्या क्षणी टोक पाण्याने ओलं करा. रंग स्पिरिटचा असेल तर स्पिरिटने.

फिकट चट्टे दोन कारणांनी पडतात. एक तेल: साग आणि शिसवीत ते जन्मजात असतं, जुन्या मुठीत स्वयंपाकाचं मुरलेलं असतं. थिनरने पुसा आणि तासाभराच्या आत रंग लावा, नाहीतर आतलं तेल परत वर येतं. दुसरं गोंद: फेव्हिकॉल किंवा एपॉक्सीचं बोट जिथे लागलं तिथे रंग शिरत नाही. लाकूड स्पिरिटने ओलं केलं की गोंदाचे डाग फिकट दिसतात, म्हणून रंगाआधीच ही तपासणी करून ते खरवडा.

१२. शिसवीच्या मुठीवर एका बाजूला पांढरा पट्टा आहे. तो बाकीच्या रंगात कसा आणू?

ते सालीजवळचं लाकूड. गाभा गडद, बाहेरचा थर पिवळट पांढरा. इथे पूर्ण मूठ रंगवायची नाही. निम्म्या ताकदीचा तपकिरी स्पिरिट रंग बारीक ब्रशने फक्त पट्ट्यावर, गाभ्याच्या कडेपासून केसभर अलीकडे थांबवत लावा. तीन-चार पातळ हात द्या. मग तोच रंग चौपट पातळ करून सगळ्या मुठीवर एकदा फिरवा, म्हणजे सांधा मिटतो. अर्थात काहींना तो पट्टाच आवडतो, आणि ते चुकीचे नाहीत.

१३. वरून काय लावू, म्हणजे रंग टिकेल आणि हाताला लागणार नाही?

वरचा थर लावण्याआधी, रंग वाळून एक दिवस गेल्यावर, ओल्या पांढऱ्या फडक्याने मूठ घट्ट धरून पिळा. फडक्याला रंग लागला तर जादाचा रंग पुसून काढा आणि पुन्हा बघा. फडकं कोरं निघेपर्यंत पुढे जाऊ नका.

कामाच्या चाकूला डबल बॉइल्ड जवसाचं तेल उत्तम. फडक्याने पातळ हात, वीस मिनिटांनी सगळं कोरडं पुसणं, एक-दोन दिवस वाळवणं, असं तीन-चार वेळा. पुसलं नाही तर चिकट साय धरते. *तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका*, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. या तेलात वाळवण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात, म्हणून वापरण्याआधी ते पूर्ण वाळू द्या.

लिक्विड पॅराफिन चार भाग आणि मधमाश्यांचं मेण एक भाग (वजनाने), गरम पाण्यावर वितळवून केलेलं मलम निर्धोक आहे. पण ते वाळत नाही, दर महिन्या-दोन महिन्यांनी लावावं लागतं.

लाख सावंतवाडीच्या खेळण्यांवर शोभते, रोजच्या सुरीवर नाही. गरम पाण्याने मऊ पडते आणि पाण्याचे पांढरे डाग धरते. शोभेच्या चाकूला लावायची असेल तर खालचा रंग पाण्यातला हवा. स्पिरिटच्या रंगावर लाखेचा ब्रश फिरवला की लाखेतलं स्पिरिट रंग उचलून आणतं.

शेंगदाण्याचं तेल लावू नका. ते वाळत नाही, खवट होतं.

१४. मूठ पूर्ण वाळली हे कसं कळेल? कोकणात पावसाळ्यात तर काहीच वाळत नाही.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सकाळ-संध्याकाळ वजन लिहून ठेवा, लागोपाठ तीन वेळा तेच आलं की वाळली. कोरड्या हवेत दोन दिवस लागतात, जुलैत पाच-सहा. पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवाल तर वरचं लाकूड आधी आकसून तडा जातो, आणि तडा नेमका रिव्हेटपाशी जातो. तशीच ओलसर मूठ बंद केली तर तेलाखाली धुरकट ढग दिसतात. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा.

१५. माझ्या सुरीला रिव्हेट नाहीत, पातं लाखेने किंवा राळेने मुठीत बसवलं आहे. वेगळं काही?

बरंच वेगळं. स्पिरिट लाख विरघळवतं, कॉस्टिकही विरघळवतं, आणि उष्णतेने लाख आणि राळ दोन्ही मऊ होतात. म्हणून स्पिरिटचा रंग नको, जोडब्लीच नको, गरम पाणी नको. ऑक्झॅलिक थंड पाण्यात करून पटकन लावा-धुवा, रंग पाण्यातला घ्या. पॉलिश काढायला स्पिरिट वापरलंच तर फडकं पिळून घ्या आणि शेंबीच्या बाजूला बोटभर जागा सोडा, ती पेपरने घासा. काम झाल्यावर, टेप काढण्याआधी, पातं धरून मूठ हलवून बघा. किंचित जरी खेळ जाणवला तर ती सुरी पुन्हा बसवून घेईपर्यंत वापरायची नाही.

१६. रंग मनासारखा आला नाही. परत काढता येईल?

रंग कशाचा यावर अवलंबून. बाजारचा रंग कपड्यांच्या ब्लीचने जातो: निम्मं पाणी घालून लावा, दहा मिनिटं, धुवा, गरज वाटली तर पुन्हा. काही रंग पूर्ण जात नाहीत, फिकट पिवळट छटा उरते. हिरडा-लोखंडाचा काळा रंग ऑक्झॅलिकने जातो, पद्धत प्रश्न ५ मधलीच. काताचा रंग बहुतांशी राहतोच, तो घासून काढावा लागतो. पिगमेंटचा स्टेन ब्लीचला दाद देत नाही.

दोनदा ब्लीच झालेलं लाकूड वरून मऊ आणि लवदार होतं. तिसऱ्यांदा ब्लीच करू नका. गडद रंगावर जा, किंवा पेपरने खाली नवं लाकूड लागेपर्यंत घासा.

१७. आजीच्या विळीचा पाट आणि जुन्या कोयत्याची मूठ हातांनी घासून काळी गुळगुळीत झाली आहे. उजळवू का?

त्या काळेपणात तेल, घाम आणि वर्षानुवर्षांची घासाई आहे. एकदा काढली की कुठल्याही बाटलीतून परत आणता येत नाही. विळीच्या पाटावर चिरलेल्या भाज्या पडतात, तेव्हा तिथे ऑक्झॅलिक किंवा बाजारचा रंग मुळीच नको. गरम पाण्यात पिळलेलं फडकं आणि थोडा खाण्याचा सोडा याने मळ तेवढा काढा, दोन दिवस वाळवा आणि पॅराफिन-मेणाचा हात द्या. कोयत्याच्या मुठीला जवसाचं तेल. खिळ्याभोवतीचा काळा डाग तसाच राहू द्या.